फुली क्रमांक दोनशे बारा

नारीनच्या पाटबंधारे कचेरीत, हीटरला पाय लावून
बुरुलचा दोन थर एकमेकांवर ठेवते:
निळ्या रेघा अरिकांच्या, म्हणजे पाटांच्या,
करड्या रस्त्यांच्या.
कुठे कुठे कापतात ते शोध, सांगते यंत्राला.

यंत्र हुशार. आधी प्रत्येक रेघेभोवती
एक चौकट आखतं,
चौकटीच भिडत नसतील तर
आतल्या रेघांची विचारपूसही करत नाही.
आधी घरं बघायची, मग माणसं.

चारशे सतरा फुल्या उगवतात. लाल.

त्यातल्या कित्येक खोट्या.
खालून नदी जाते, पुलावरून फरश्यांचा ट्रक,
पडद्यावर दोघांची कापाकापी,
आणि उभ्या जन्मात त्यांनी
एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

उलटंही असतं. कालव्याच्या अलीकडे
हातभर अंतरावर थांबलेला एक पाट,
कुणाचा तरी माउस दमला असेल त्या दुपारी.
यंत्र म्हणतं, भेट नाही.
पण त्याच पाण्यावर गेल्या साली बार्ली आली,
बुरुलचाच्या आत्याने ती पोत्यात भरली.
जुळणीची सूट तिने एक मीटर केली.
झाली भेट.
एवढंच लागतं कधी कधी.

दोनशे बारावर ती अडते.
पूल नाही, नळा नाही, नोंद नाही.
मुराप कपारबेकला फोन लावते.
पाण्याची पाळी त्याच्या फावड्यावर चालते;
वरचं गाव आणि खालचं गाव
एकमेकांना पाण्यात बघतात,
आणि मधे हा उभा, गमबूट घालून.

"तिथे?" तो हसतो. मागे घोडा फुरफुरतो.
"तिथे काय असणार?
एप्रिलात पाणी रस्त्यावरून जातं
आणि आम्ही पाण्यातून.
मास्तरीण बूट हातात घेते.
पोरं मुद्दाम घेत नाहीत.
ऑगस्टात या, नुसती धूळ."

रकान्यात पर्याय तीन:
पूल. नळा. चूक.

चौथा जोडायचा तर बिश्केकला अर्ज,
अर्जाला उत्तर पुढच्या एप्रिलात,
पाणी आल्यावर.

कर्सर "चूक"वर जाऊन येतो.
दोनदा.
मग शेऱ्याच्या अरुंद चौकोनात ती लिहिते:
घोटाभर. जूनपर्यंत.
फुली लालच राहते.

दोनशे तेरा.
हा पूल आहे. सोपा.