चारशे एक

लातूरच्या डाळमिलमध्ये, काट्याशेजारी
लॅपटॉप मांडून बसलेय.
तुरीचं वजन सर्व्हरला कळवायचं,
एवढंच.

तो म्हणतो, चारशे एक.
म्हणजे, आपण कोण?

सकाळीच दिली होती चावी, त्यानंच,
चाळीस अक्षरांची,
"एकदाच दिसेल, जपून ठेवा" अशा तंबीसकट.
आता स्वतःचीच अक्षरं ओळखीना.

गेटवरचे सटवाजीमामा
स्कूटीच्या आवाजावर साखळी सोडतात.
परवा गमतीनं ओळखपत्र दाखवलं
तर रागावलेच:
"कामून माय, परकी झालीस का?"

चावीच्या शेपटाला
एक रिकामी जागा चिकटून आलेली,
डोळ्यांना न दिसणारी.
पुसते.

दोनशे.
तूर निघाली.

मामांना सांगायचं राहिलंय,
सोमवारपासून गेटवर कार्डाचं यंत्र.
तेही मीच बसवतेय.