पोचपावती

जिनिंगच्या सरकीच्या गोदामात ती पडून होती,
दोन सीटांची, इंग्रज बनावटीची,
बुडाला घुशींनी पोखरलेली.
नावाची पितळी अक्षरं सात असावीत, मला चार सापडली.
मुनीम म्हणाला, "पोस्टमास्तर, कायले पाहिजे हे तुमाले?"
मी म्हटलं, "असंच."
त्या असंचला सव्वीस हजार पडले,
ट्रॅक्टरचं भाडं वेगळं.

गावानं तिचं नाव बेंडकी ठेवलं.
वटारलेले दोन दिवे, पोट जमिनीला लागलेलं.
गावाचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

गोठ्यात म्हैस नव्हती, म्हणून जागा होती.
कुंदा म्हणायची, म्हशीनं निदान शेण तरी देलं असतं.

दिवसभर शिक्के मारायचे,
संध्याकाळी बल्ब ओढून घेऊन गाडीखाली शिरायचं.
कार्बुरेटरची सुई कोइमतूरहून आली,
गॅस्केट पार इंग्लंडातून, कुण्या म्हाताऱ्यानं
वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेलं.
माझ्याच खिडकीत माझंच पार्सल
मीच सोडवून घेत असे, सही करून, नियमाप्रमाणे.

रज्जाक डेंटर आर्वीहून यायचा, शुक्रवार सोडून.
टरबूज पाहावं तसा पत्र्यावर ठोकायचा, कान लावून.
"इथं लोखंड हाय मास्तर. इथं नुसती आठवण."

दाराच्या बिजागरीआड बोटभर मूळ रंग वाचला होता.
अमरावतीचा रंगवाला म्हणे, नाव सांगा रंगाचं.
मी खिशातून कच्चं संत्रं काढून काउंटरवर ठेवलं.

सहाव्या वर्षी, एका गुरुवारी, ती खोकली.
मग पुन्हा.
मग आढ्यावरच्या सगळ्या चिमण्या एकदम उडाल्या
आणि कुंदा पिठाच्या हातांनी बाहेर आली.
"छत कुठी हाय इचं?"
छत नाही म्हटल्यावर तिनं पदर कानांवरून घट्ट बांधला.
फाट्यापर्यंत गेलो, अकरा किलोमीटर,
कापसाच्या दोन बंड्यांचे बैल बुजवत.
येताना ती एवढंच म्हणाली,
"रस्ता लई जवळून दिसते."

विकली का, तर
दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.
आणखी वर्षभर पुसत बसलो,
मग वाटलं, पुसणं हे काही काम नव्हे.

गिऱ्हाईक हैदराबादेहून आलं. पांढरे बूट.
वाकून खाली पाहिलं नाही.
मी आपणहून सांगितलं:
दुसरा गिअर उतारावर निसटतो,
डावं दार थोडं उचलून लावावं लागतं,
थंडीत पेट्रोलच्या पंपाला पान्याची एक टपली,
जोरात नाही, झोपल्या पोराला उठवतो तशी.
"चालवायची कोणाला आहे," तो म्हणाला,
"रिसॉर्टच्या दाराशी उभी करायची आहे."

रात्री वही काढली. सगळं वजा केलं, दिवसांनी भागलं.
मजुरी पडली
रोजची एक रुपया चाळीस पैसे.
कुंदा म्हणाली, चहा तं माहा होता.

ट्रक गेल्यावर दिसलं,
शाईच्या पेनानं लिहिलेल्या माझ्या नऊ सूचना
खाटेवरच राहिल्या होत्या.
दुसऱ्या दिवशी रजिस्टर केल्या, पोचपावतीसह.
बाराव्या दिवशी पावती परत आली.
सही ओळखू येईना, शिक्का सिक्युरिटीचा.
फाईलला लावली. संपलं.

संक्रांतीनंतर एक पोस्टकार्ड आलं,
पेन्सिलीचं, पत्ता अर्धाच.
"मास्तर, मी इथला वॉचमन, मूळचा चिमूरचा.
सायबानं तुमचा कागद फेकला, मी ठेवला.
परवा रात्री दोनला कोणी नव्हतं.
टपली मारली.
सुरू झाली."

कार्डावर मी माझा शिक्का मारला,
तारीख नीट उमटली का पाहिलं,
आणि उलट टपाली लिहिलं:
उतारावर नेऊ नको.
दुसरा गिअर हातानं धरून ठेवजो.