पाणी नसलेलं प्लंबिंग

केंद्रापाड्याचा सनातन बेहेरा
शिडीवरून विचारतो,
'काका, ढाल किधर देने का?'
ढाल नको, मी म्हणतो, यातून पाणी जाणार नाही.
'फिर क्या जाएगा?'
भुसा.
तो पाइपच्या तोंडातून माझ्याकडे पाहतो,
दुर्बिणीतून पाहावं तसा,
आणि तरीही, सवयीनं,
मीटरमागे बोटभर उतार देतोच.

मुलुंड पूर्व, गव्हाणपाडा, तळमजला.
मागची गॅलरी दहा बाय सात.
त्यात टेबल-सॉ, रंध्याचं मशीन, सँडर,
आणि मी;
आडवा वळलो की काहीतरी पडतं.

दुकानदार म्हणाला होता, एल्बो घ्या, टी घ्या, स्वस्त पडेल.
पण हवेला काटकोन सोसत नाही.
तिला वाय लागतो,
पंचेचाळीस अंशांची दोन वळणं लागतात,
जसं एखाद्या मानी माणसाला
थेट पैसे मागता येत नाहीत,
तब्येतीवरून, मुलांच्या परीक्षांवरून
हळूहळू वळवत आणावं लागतं.

मी पस्तीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या.
माझगावच्या रस्त्याखाली, मॅनहोलमध्ये उकिडवा बसून
बाराशे जोड्यांचे रंग जुळवले.
डक्ट मला ठाऊक आहेत.
त्यांतून माणसं बोलत जायची,
भांडत, भाव करत, कुणी मेल्याचं सांगत,
माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून,
आणि मला यातलं काहीच ऐकू यायचं नाही.

पहिल्या दिवशी तिन्ही झडपा बंद ठेवून बटण दाबलं.
खालचा रंगाचा डबा
गाल आत ओढल्यासारखा पिचला.
पलीकडून कामेरकरांनी भिंतीवर थाप मारली.
मग पत्र्याचा ड्रम आणला, भंगारातून, साडेचारशेला.
पाइपवर हात ठेवला की मनगटावरचे केस उभे राहायचे,
म्हणून उघडी तांब्याची तार गुंडाळत नेली
टोकापासून टोकापर्यंत, आणि अर्थिंगला दिली.
मोगऱ्याची उदबत्ती घेऊन सांध्यासांध्याशी उभा राहिलो.
जिथे धूर आत वाकला, तिथे सिलिकॉन.
हेमलता आतून म्हणाली,
'आरती झाली की चहा घ्या.'

आता सागाचा भुसा उडत नाही.
करवतीखालून निघतो न निघतो
तोच पाइपात खडखडत जातो,
ड्रममध्ये गोल गोल बसतो.
शनिवारी नाक्यावरचा गॅरेजवाला चिन्नप्पा नेतो,
सांडलेल्या ऑइलवर टाकायला.
माझा रुमाल पांढरा राहतो.
खोकलासुद्धा
पाहुण्यासारखा कधीतरी येतो.

एक गोष्ट मात्र आराखड्यात धरली नव्हती.

फ्रिजच्या दारावर, टीव्हीच्या काळ्या काचेवर
रोज संध्याकाळी जो तपकिरी थर बसायचा
त्यावर हेमलता बोटानं लिहायची.
गॅस संपलाय.
पपईवाल्याचे पन्नास.
वन्संचा फोन, उलट करा.
एकदा नुसतंच: किती हा.
मशीन चालू असलं की तिची हाक पोचायची नाही;
मी काम आटपून यायचो, वाचायचो,
आणि ओल्या फडक्यानं पुसून
जे लिहिलंय ते करायचो.

परवा ती फ्रिजसमोर उभी होती,
बोट उचललेलं,
आणि समोर स्वच्छ, चकचकीत दार.
काय गं, विचारलं.
'काही नाही,' म्हणाली. 'विसरले.'

काल स्टुलाचे पाय घासायला घेतले.
सँडरची झडप उघडायची राहिली.
राहिली, असं आपण म्हणू.
तासभर घासलं. पाय चारच होते,
तरी पुन्हा पहिल्यापासून घासले.

रात्री पाणी प्यायला उठलो.
फ्रिजवर, दाराच्या मुठीशेजारी,
तिच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात:

झडप बंद होती.