डावी की उजवी

रात्री तीन वाजता माझ्या फोनमध्ये कोंबडा आरवतो.
सोहारच्या प्लँटात, कंट्रोल रूमच्या गारठ्यात
मी हातमोजा काढतो आणि
माझ्या मुलीच्या बेटावरचे शिंपले वेचतो.
बारा. दर चार तासांनी बारा.
ऋजुता घरी झोपली आहे, वय वर्षं नऊ.
झोपण्याआधी तिने ड्यूटी लावून दिली:
"बाबा, विसरलास तर ते सडतात."

शिंपले सडतात, हे मला माहीत नव्हतं.

खेळ फुकट आहे.
फुकट म्हणजे एक कोल्हा, एक होडी
आणि बेटाच्या टोकाला एक निळं दार.
ते चार हजार शिंपल्यांना उघडतं,
किंवा अडीच रियालला.
अडीच रियाल देणार नाही, मी म्हणालो,
तत्त्वाचा प्रश्न केला,
आणि तत्त्वापायी आठ आठवडे वेचतोय.
शेजारचा वेंकटेशन मीटरवरून नजर न काढता विचारतो,
"पोरगी पगार देते का रे तुला?"

काचेपलीकडे पंप समुद्र आत ओढतात.
गोडं पाणी शहराला,
उरलेला खारटपणा परत समुद्रात.
यालाही शेवट नाही,
पण सकाळी निदान कुणीतरी त्यात चहा टाकतं.

छप्पन्नाव्या दिवशी दार उघडलं.
आम्ही तिघं सोफ्यावर. बायकोने गॅस बारीक केला.
दार किरकिरलं. आत अंधार.
अंधारात पाटी:
लवकरच येत आहे!
उद्गारचिन्ह नाचत होतं.
कोल्ह्याने टाळ्या वाजवल्या.

ऋजुता रडली नाही.
रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.
"आत काय आहे, ते त्यांना तरी माहितीये का?"

तेव्हा मी तिला चपलेचं सांगितलं.

लग्नाआधी, कॅम्पातल्या आठ जणांच्या खोलीत
खलील परकार, जुम्म्याच्या नमाजाहून आला की,
एका साप्ताहिकातली कादंबरी मोठ्याने वाचायचा.
अंक खेडहून यायचे, कुणाच्या तरी बॅगेत,
सुक्या बोंबलांभोवती गुंडाळलेले.
तिसऱ्या प्रकरणात धक्क्यावर चप्पल सापडते.
एकच. ओली. अंगठा तुटलेली.
फौजदार ती रुमालात बांधून नेतो.
मग फौजदाराची बदली होते,
मग इस्टेटीचा खटला, मग एक जुळी बहीण निघते,
बेचाळिसाव्या प्रकरणात दोन लग्नं, आणि समाप्त.
खलीलने पान उलटून पाहिलं.
मागे दंतमंजनाची जाहिरात.
"आन् ती चप्पल रे?"
आम्ही सगळे उठून बसलो,
ज्यांना मराठी येत नव्हतं ते तिघेसुद्धा.

त्याने लेखकाला पत्र टाकलं. उत्तर नाही.
मग साप्ताहिक बंद पडलं.
मग खलीलचा व्हिसा संपला.
विमानतळावर मिठीतून सुटताना म्हणाला,
"माका वाटतं, बुडालेला दुसराच कोणतरी होता."
एकोणीस वर्षं मी त्या वाक्यापाशी उभा आहे.

"मग कुणाची होती?"
होडीवाल्याची, मी म्हणालो.
बाई कॉपी केलेल्या वहीकडे बघतात
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
"हे तू आत्ता बनवलंस."

शुक्रवारी समुद्रावर गेलो. ओहोटी.
शेवाळ, दोरखंडाचे तुकडे, बाटल्या
आणि चपला. कितीतरी, सगळ्या एकेकट्या.
कुठल्या जहाजांवरच्या, कुठल्या देशांतल्या,
कुणी रुमालात बांधून नेत नव्हतं त्यांना.
ऋजुताने काठीने एक उलटी केली.
"ही डावी. तुझी कुठली होती?"

मी तोंड उघडलं.
खलीलने वाचलं होतं. नक्की वाचलं होतं.

खिशात कोंबडा आरवला, दुपारचे तीन.
काठी वाळूत रोवून
तिने फोनसाठी हात पुढे केला.