डगला

घरात शिरण्याआधी मी आता
सरपणाच्या खोपीत कपडे बदलतो.
उणे अठरात, एका पायावर,
बर्चच्या ढलप्यांची चळत धरून.
गिरणीचा डगला खुंटीला,
टोपी त्याच्याच खिशात कोंबलेली,
नखांखालचं पीठ जुन्या टूथब्रशने खरवडलेलं.
बावीस वर्षं राय दळतोय मी.
पिठाला घाण म्हणावं,
असं कधी वाटलं नव्हतं.

हिल्या तेरा वर्षांची.
मागच्या हिवाळ्यात तिसऱ्या किलोमीटरला
ती स्कीच्या काठ्यांवर ओणवी व्हायची,
ओठ राखेच्या रंगाचे.
पोरगी मन लावत नाही, कौप्पी म्हणाला,
आमच्या क्लबचा प्रशिक्षक.
मीही म्हणालो.
आणि रात्री तिच्या ताटात
आणखी एक जाड तुकडा वाढला,
वर लोणी, खाली माझ्याच गिरणीची राय.
खा, म्हटलं, अंगात ताकद येईल.

योएन्सूच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं:
आतड्याच्या आतली मऊ लव
भुंडी झालेली,
रेनडिअरचा कळप चरून गेल्यावर
उरतं तसं शेवाळ.
गहू नको, राय नको, सातू नको.
"किती दिवस?" मी.
बाई हिल्याकडे बघून म्हणाल्या, "कायमचं."
हिल्याने विचारलं,
"स्की चालेल ना पण?"

मग रित्वाने टोस्टर शेजाऱ्यांना दिला,
लाकडी पळ्या चुलीत घातल्या,
आंबवणाची पिंपरी, माझ्या मावशीची,
माळ्यावर पालथी.
कुट्टूची पहिली भाकरी इतकी निबर
की कुत्र्याने हुंगली
आणि अंगणात नेऊन पुरली.
दुसरी जरा बरी.
तिसरीची आठवण कोणी काढत नाही.
नोव्हेंबरात मैत्रिणीच्या वाढदिवसाला
हिल्याने वेलचीचा एक पाव खाल्ला, अर्धाच,
आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली.
रागावलो नाही आम्ही.
त्या पावाचा वास मलाही ठाऊक आहे.

मार्चची शर्यत. पाळी संपवून
मी तसाच धावत गेलो, डगल्यासकट.
तिसरा किलोमीटर गेला.
ती ओणवी झाली नाही.
चौथ्याच्या चढावर दात विचकून
एका उंच पोरीला मागे टाकलं तिने,
आणि मी काहीतरी ओरडलो,
बहुतेक शिवीच.

अकरावी आली. गेल्या साली त्रेपन्नावी होती.
काठ्या उगारत ती माझ्याकडे झेपावली
आणि मी दोन्ही हात वर करून मागे सरलो,
पोलिसाने हटकल्यासारखा.
"पीठ आहे," म्हटलं, "अंगभर पीठ आहे."

ती थांबली. नाकातून वाफ.
"बाबा, मी तुझा डगला खाणार नाहीये."

तरी मी हात खाली घेतले नाहीत.
तेव्हा तिने काठीचं टोक पुढे केलं,
मी ते धरलं,
आणि दोन टोकांना दोघं असे
गाडीपर्यंत चालत गेलो.
तिथे फडक्यात गुंडाळलेले उकडलेले बटाटे होते.
चार खाल्ले तिने, सालीसकट, उभ्याउभ्या.
पाचवा मागितला.