निव्वळ वजन

सर्जेराव वजनकाट्यावर बसायचा,
सांगलीच्या मार्केट यार्डात, तेवीस वर्षं.
हळदीचा ट्रक आत आला की भरलेलं वजन,
माघारी जाताना रिकामं,
वजाबाकी तोंडावर.
नखं कायमची पिवळी.
डोळेही पिवळे दिसायला लागले तेव्हा
हळदच असेल, म्हणालो आम्ही.

पहिला पेला मीच भरला होता, हे आधी सांगून टाकतो.
सौदे आटपल्यावर, गाळ्यामागे,
भडंगाची पुडी फाडून,
वर कांदा, वर आणखी चिमूटभर मीठ.
मग मी थांबलो.
मला पित्त व्हायचं, एवढंच.
त्यात पुण्य काही नव्हतं.

शालनवहिनींनी बीपीचं यंत्र माझ्या हातात दिलं:
"तुमचं ऐकतात, भावजी."
माझं कुणीच ऐकत नाही. तरी
दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं,
पट्टा कण्हत कण्हत फुगला.
एकशे ब्याण्णव. एकशे अठरा.
सर्जा हसला. "वरचा आकडा भरल्या गाडीचा,
खालचा रिकाम्या.
वजा कर लगा. चौऱ्याहत्तर.
एवढाच माझा निव्वळ माल."

मग मी शहाणपणा केला.
कपाटातल्या, स्कूटरच्या डिकीतल्या,
तुळशीमागच्यासुद्धा,
सगळ्या बाटल्या आयर्विन पुलावरून कृष्णेत ओतल्या.
त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली.
मित्र असाच असतो, वाटलं.

तिसऱ्या रात्री त्याचे हात
चाळणी हलवावी तसे हलायला लागले.
भिंतीवरून मुंगळे उतरतायत, म्हणाला.
मग माझ्या पायापाशी पोतं शिवत बसला.
सुई नव्हती, सुतळी नव्हती,
पोतं नव्हतं.
मिरजेला नेताना रिक्षात
दोनदा मला 'मालक' म्हणून हाक मारली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या.
चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"इतक्या वर्षांची दारू अशी एका रात्रीत तोडायची नसते.
आधी इथं आणायचं.
यात जीव जातो, माहीत होतं?"

नव्हतं.
मला फक्त पूल माहीत होता.

आता रोज संध्याकाळी सातला जातो.
सात ही वाईट वेळ.
गोळी घेतली का, विचारत नाही,
पाण्याचा तांब्या पुढं सरकवतो.
आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, मगच पट्टा.
शाळेपासूनची दोस्ती,
पण ही पाच मिनिटं आमच्यात कधीच नव्हती.
वहिनी बिनमिठाचं भडंग करून बघतात.
भयंकर लागतं. खातो दोघं.
जुन्या हिशेबाच्या वहीत तारीख, वरचा, खालचा.
एकशे साठ. एकशे चौपन्न. परत एकशे अठ्ठावन्न.

गेल्या गुरुवारी सातला खुर्ची रिकामी.
वहिनी दारात, पदराचं टोक पिळत.
मी हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत जाऊन आलो,
यार्डामागचा गाळा बघितला,
ओळखीच्या तिन्ही दुकानांवरून गेलो, मान खाली घालून,
जसा काही मीच प्यायला निघालोय.
सापडला नाही.
रात्रभर माझ्याच दंडाला काहीतरी आवळलेलं.

शुक्रवारी सातला तो पायरीवर बसलेला,
आंघोळ करून, बाही वर सारून.
मी बोललो नाही. तोही नाही.
वही उघडली तर गुरुवारच्या ओळीत
त्याचं अक्षर, काट्याच्या पावतीवरचं, ठसठशीत:
'प्यालो. तीन पेले. १८६ / ११२.'
खाली सही.

तेवीस वर्षांत एकाही ट्रकचं वजन
त्यानं किलोभर इकडचं तिकडं लिहिलं नव्हतं.

"बांध की," म्हणाला,
"हात अवघडला माझा."