मीटर वाचणारी

देओलिंदा गुडघ्यावर बसते, लोखंडी झाकण उचलते,
काचेवरचं कोळिष्टक अंगठ्याने पुसते.
जानेवारी. अटलांटिकवरून खारट वारा.
शून्य. पुढचं दार, शून्य.
कुलपाशेजारी आकड्यांची इवलीशी पेटी,
किल्ली आत, मालक लिस्बनला, किंवा कुठेच नाही.

एकशे चाळीस घरांपैकी एकसष्ट
नोव्हेंबरपासून पाणी प्यायलेली नाहीत.
नगरपालिकेच्या अहवालात गाव भरलेलं:
मागणी चांगली, भाव चढे.

चौदा नंबरचा काटा मात्र थांबायला तयार नाही.
एकतीस युनिटं. ती दोनदा वाचते.
दार उघडतं. दोरीवर ओले मोजे, मोहरीच्या तेलाचा वास,
आणि अकरा नेपाळी पोरं,
रास्पबेरीच्या प्लास्टिक तंबूंतून नुकतीच परतलेली.
"गळती नाही," पदम हसून सांगतो, "आंघोळी आहेत."

नऊ नंबर शून्य. पण धुराड्यातून धूर.
म्हातारा एर्मेलिंदो पत्र्याखालचं पिंप दाखवतो,
"आभाळ बिल पाठवत नाही, बाई."
सार्डिनचा कारखाना बंद पडला तेव्हापासून
तो असाच हिशेबाबाहेर जगतोय.
फॉर्मवर शून्याला एकच शब्द: रिकामं.
ती समासात बारीक अक्षरात लिहिते,
आहे.

शेवटचं मीटर तिचं स्वतःचं.
चार युनिटं. ती आणि लेक.
घरमालकाचं पत्र फ्रिजवर, लिंबाच्या चुंबकाखाली;
मुदत मार्चअखेर.
ती चारचा आकडा नीट गोल काढते
आणि एप्रिलच्या कोऱ्या रकान्यावर
पेनचं टोक टेकवून
उगाच थांबते.